स्कीचे साहित्य आणि स्वस्त विमानप्रवासाचा खर्च : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात बर्फ पडत नाही आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून जातो. तरीही दर हिवाळ्यात गुलमर्ग, औली किंवा सोलंगला स्की करायला जाणारी मंडळी या शहरात आहेत आणि त्यांची संख्या हळूहळू वाढते आहे. गड्ड्याची यात्रा आटोपली की जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत ही मंडळी निघतात आणि निघण्यापूर्वी आम्हा दोन-चार जुन्या लोकांना फोन करतात. प्रश्न जवळपास तेच असतात आणि त्यांतील बहुतेक प्रश्न पैशांचे असतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत. विमान कंपन्यांचे दर वारंवार बदलतात. त्यामुळे खालील हिशेबांत जेथे ‘समजा’ असे लिहिले आहे, तेथील आकडा केवळ पद्धत समजावी म्हणून घेतला आहे असे समजावे आणि आपल्या तिकिटाच्या दिवशीचा दर घालून तो हिशेब पुन्हा करावा.

स्कीचे साहित्य मोफत सामानात धरले जाते का?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण तो निर्णय कंपनीचा आणि आपण घेतलेल्या भाड्याच्या प्रकाराचा असतो. देशांतर्गत स्वस्त विमानसेवांमध्ये साधारणपणे १५ किलो चेक-इन सामान आणि ७ किलो हातातले सामान तिकिटात धरलेले असते. परंतु नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, काही सेवांचे शुल्क तिकिटापासून वेगळे आकारण्याची मुभा कंपन्यांना दिली आहे आणि त्या यादीत आसनाची निवड, जेवण व चेक-इन सामान यांच्या जोडीने क्रीडासाहित्य आणि वाद्ये यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. याचा अर्थ असा की एखाद्या कंपनीने स्कीच्या पिशवीसाठी वेगळे शुल्क मागितले तर ती मनमानी करत आहे असे म्हणता येत नाही. मात्र हे शुल्क प्रवाशाने स्वतः निवडल्यावरच लागू व्हावे, आधीपासून खूण करून ठेवलेले नसावे, अशीही अट आहे.

२०२१ पासून ज्यांत चेक-इन सामान मुळीच नसते अशी भाडीही देण्याची परवानगी कंपन्यांना मिळाली. तिकीट शोधताना यादीत सर्वांत वर, सर्वांत स्वस्त दिसते ते अनेकदा हेच भाडे असते. स्की घेऊन जाणाऱ्याने त्याच्याकडे पाहूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मत पैसे मोजून बनलेले आहे. काही वर्षांपूर्वी मी एका संकेतस्थळावरून सातशे रुपये वाचवून तिकीट काढले. काउंटरवर पिशवी पट्ट्यावर ठेवली, लाल आकडे १७.८ वर थांबले आणि समोरच्या कर्मचाऱ्याने अतिशय सौजन्याने सांगितले की माझ्या तिकिटात सामान शून्य किलो आहे. मी मनात २.८ किलोचा दंड धरून उभा होतो. भरावे लागले पूर्ण वजनाचे पैसे. वाचवलेले सातशे रुपये त्या पावतीत शोधूनही सापडले नसते.

संपूर्ण साहित्याचे वजन किती भरते?

अंदाजावर न जाता घरीच वजन करावे. उताराच्या स्कीची प्रौढांची एक जोडी बाइंडिंगसह, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीसह, पाच ते साडेसहा किलो भरते. बुटांची जोडी साडेतीन ते साडेचार किलो, दोन काठ्या मिळून अर्धा किलो आणि हेल्मेट साधारण अर्धा किलो. पिशवीचे वजन मात्र लोक विसरतात: अस्तराची, चाके असलेली पिशवी रिकामीच तीन-साडेतीन किलोची असते, तर साधी कापडी पिशवी एका किलोच्या आसपास भरते. चाकांची पिशवी धरली तर एवढ्यावरच बेरीज साडेबारा ते साडेपंधरा किलोंवर जाते. म्हणजे कपड्यांचा एक सदराही न ठेवता मोफत वजन जवळपास संपलेले असते.

वजन करण्यासाठी लटकवण्याचा छोटा ताणकाटा घेऊन ठेवावा. तो नसेल तर घरच्या काट्यावर आधी स्वतः उभे राहावे, मग पिशवी कवेत घेऊन उभे राहावे आणि फरक काढावा. पिशवी उभी धरली की ती डोक्याच्या वर जाते आणि काट्यावरचे आकडे दिसत नाहीत, तेव्हा वाचायला घरातील कोणीतरी शेजारी असावे. आमच्याकडे हे काम आई करते आणि दरवर्षी एकदा तरी विचारते की एवढ्या लांब लाकडांना विमानात पैसे कशाला द्यायचे. येताना पिशवी अधिक जड असते, हेही हिशेबात धरावे, कारण ओले मोजे, ओली जाकिटे आणि काश्मीरहून घेतलेले अक्रोड यांचे वजन जाताना नव्हते.

वजन मर्यादेत असले तरी लांबीसाठी पैसे द्यावे लागतात का?

लागू शकतात. चेक-इन सामानाच्या एका नगाची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, हा विमानप्रवासातील रूढ नियम आहे. स्कीची जोडी ठेवलेली पिशवी १८५ ते १९० सेंटिमीटर लांब असते. म्हणजे केवळ लांबीनेच मर्यादा ओलांडली जाते आणि रुंदी-उंची धरली तर बेरीज सव्वादोनशेच्या पुढे जाते. त्यामुळे अशी पिशवी ‘क्रीडासाहित्य’ म्हणून नोंदवावी लागते किंवा मोठ्या आकाराचे सामान म्हणून तिचे शुल्क भरावे लागते. क्रीडासाहित्याची नोंद आधी केलेली असेल तर लांबीचा वाद सहसा उद्भवत नाही, हा त्या नोंदीचा खरा उपयोग आहे.

स्नोबोर्ड १५० ते १६० सेंटिमीटरचा असतो, म्हणून तोही एकट्याने या मर्यादेत बसत नाही. लहान मुलांच्या १०० ते ११० सेंटिमीटरच्या स्की मात्र अरुंद पिशवीत बांधल्या तर १५८ मध्ये येतात.

स्कीची पिशवी आणि कपड्यांची बॅग असे दोन नग नेता येतात का?

वजनाची मर्यादा आणि नगांची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे लक्षात ठेवावे लागते. तिकिटावर ‘१५ किलो, एक नग’ असे लिहिले असेल तर आठ किलोची स्कीची पिशवी आणि सात किलोची बॅग मिळून वजन बरोबर भरले तरी दुसऱ्या नगाचे पैसे मागितले जाऊ शकतात. त्यामुळे आमच्यापैकी अनेक जण सर्व कपडे स्कीभोवतीच गुंडाळून एकच लांब पिशवी करतात. स्कीला धक्क्यापासून संरक्षण मिळते आणि नग एकच राहतो. देशांतर्गत प्रवासात याला फारसा आक्षेप घेतला जात नाही, परंतु काही परदेशी कंपन्या क्रीडासाहित्याच्या पिशवीत फक्त क्रीडासाहित्यच असावे असा आग्रह धरतात, म्हणून तेथे ही युक्ती करण्यापूर्वी नियम वाचावेत.

एका नगाचे वजन ३२ किलोच्या वर गेले तर तो नग घेतलाच जात नाही, कितीही पैसे दिले तरी. सामान उचलणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठी ही मर्यादा आहे. नवरा-बायकोच्या दोन जोड्या, दोन बूट आणि आठवड्याचे कपडे एकाच पिशवीत कोंबणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. एकाच पीएनआरवरील प्रवाशांचे वजन एकत्र धरण्याची पद्धत आपल्याकडे अनेक ठिकाणी पाळली जाते, म्हणून कुटुंबाचे तिकीट वेगवेगळे न काढता एकत्र काढावे.

एकूण खर्च नेमका कसा काढावा?

तीन गोष्टी विचारात घ्याव्यात: जादा वजन, क्रीडासाहित्याचे वेगळे शुल्क असल्यास ते, आणि हे पैसे किती वेळा भरावे लागणार तो आकडा. लोक पहिल्या दोन गोष्टी पाहतात आणि तिसरी विसरतात, आणि बिल मोठे होते ते तिसरीमुळे.

समजा, साहित्य १४ किलो आणि कपडे ११ किलो, असे एकूण २५ किलो सामान आहे. मोफत १५ किलो वजा जाता १० किलो जादा उरले. आधी घेतलेल्या जादा वजनाचा दर समजा किलोला ४५० रुपये आणि काउंटरवरचा दर ६०० रुपये आहे. पुण्याहून श्रीनगरला बहुतेकदा दिल्लीमार्गे जावे लागते. दोन्ही विमाने एकाच कंपनीची व एकाच पीएनआरवर असतील तर सामान थेट श्रीनगरपर्यंत जाते आणि जादा वजनाचे पैसे जाण्या-येण्याचे मिळून दोनदा, म्हणजे ९,००० रुपये भरावे लागतात. तोच प्रवास ‘पुणे–दिल्ली एका कंपनीने स्वस्त, दिल्ली–श्रीनगर दुसऱ्या कंपनीने आणखी स्वस्त’ असा तोडून केला, तर दिल्लीत पिशवी पट्ट्यावरून उचलून पुन्हा जमा करावी लागते आणि पैसे चार वेळा भरावे लागतात: १८,००० रुपये. हेच चारही वेळा काउंटरवर भरले तर २४,००० रुपये. तिकिटात वाचलेले हजार-दीड हजार रुपये या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत.

यात वेगळे क्रीडाशुल्क धरलेले नाही. ते प्रत्येक उड्डाणामागे आहे की प्रत्येक दिशेच्या पूर्ण प्रवासामागे आहे, हे कंपनीच्या तक्त्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ती ओळ सापडेपर्यंत तिकीट काढू नये.

जादा वजन कधी विकत घ्यावे?

तिकीट काढतानाच किंवा त्यानंतर, पण विमानतळावर पोचण्यापूर्वी. संकेतस्थळावर ते तीन, पाच, दहा किलो अशा टप्प्यांत मिळते आणि काउंटरच्या दरापेक्षा स्वस्त पडते. विक्री उड्डाणाच्या काही तास आधी बंद होते, म्हणून सोलापूरहून रात्रीच्या गाडीने निघणाऱ्याने ते घरूनच उरकावे. टप्पा निवडताना एक किलो जास्तीचा धरावा. घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा यांचे क्वचितच जुळते आणि वाद झाला तर तिथला काटाच खरा ठरतो.

सोलापूरच्या विमानतळावरूनच साहित्य नेता येईल का?

होटगी रस्त्यावरील विमानतळावरून २०२५ मध्ये गोवा आणि मुंबईसाठी नियमित सेवा सुरू झाली, ही आपल्या सर्वांच्या आनंदाची गोष्ट आहे. परंतु प्रादेशिक मार्गांवर एटीआर-७२ सारखी छोटी विमाने चालतात आणि त्यांच्या सामानकक्षात जागाही बेताची असते. अशा विमानात लांब पिशवी जागा असेल तरच घेतली जाते, म्हणून कंपनीला आधी कळवून होकार लेखी घ्यावा. दुसरी अडचण खर्चाची आहे: प्रादेशिक कंपनी एक आणि पुढे उत्तरेकडे नेणारी कंपनी दुसरी, म्हणजे वर सांगितलेला चार वेळा पैसे भरण्याचा प्रसंग. माझा हिशेब दरवेळी पुण्याच्या बाजूने झुकतो. सुमारे अडीचशे किलोमीटरच्या या प्रवासात रेल्वेत किंवा ट्रॅव्हल्सच्या डिकीत स्कीच्या लांबीचे कोणी वेगळे पैसे मागत नाही. ट्रॅव्हल्सवाल्याला मात्र पिशवीत काय आहे ते आधी सांगावे, नाहीतर तो पाइप किंवा पडद्याचे रॉड समजून त्यावर कांद्याची पोती रचतो.

हिमाचलला जाणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच देतो. कुलूजवळच्या भुंतरची धावपट्टी आखूड आहे आणि तेथील छोट्या विमानांना वजनाचे बंधन फार काटेकोरपणे पाळावे लागते. दिल्ली किंवा चंदीगडपासून रस्त्याने गेल्यास स्कीसाठी अधिक सोयीचे होते.

काय हातात नेता येते आणि काय नेता येत नाही?

काठ्या विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाहीत. त्या आणि स्की चेक-इन सामानातच गेल्या पाहिजेत. बूट आणि हेल्मेट मात्र आकारात व ७ किलोंत बसत असतील तर हातातल्या बॅगेत नेणे सर्वांत फायद्याचे आहे. चार किलोचे बूट, अर्ध्या किलोचे हेल्मेट आणि पाऊण किलोची बॅग मिळून सव्वापाच किलो होतात. हेल्मेट बुटांच्या शेजारी उपडे ठेवून त्याच्या पोटात हातमोजे, चष्मा आणि मोजे भरले की बॅग गच्च बसते. असे केल्याने जड साडेचार किलो चेक-इनमधून थेट कमी होतात आणि पिशवी हरवली तरी बूट हाताशी राहतात.

तापणारे हातमोजे किंवा मोजे असतील तर त्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात. हिमस्खलनापासून संरक्षण देणारी, गॅसची नळी असलेली एअरबॅग प्रत्येक प्रवाशाला एक या मर्यादेत नेता येते, परंतु त्यासाठी कंपनीची पूर्वपरवानगी आवश्यक असते. ती नसेल तर सुरक्षा तपासणीत नळी काढून घेतली जाऊ शकते.

श्रीनगरहून परतताना जास्त वेळ हाताशी ठेवावा. विमानतळाच्या इमारतीपासून बऱ्याच अलीकडे, बाहेरच्या फाटकावर, गाडीतील सर्व सामान उतरवून यंत्रातून तपासले जाते आणि मग पुन्हा गाडीत चढवावे लागते. टपावर बांधलेली पिशवी सोडायची, तपासायची, पुन्हा बांधायची आणि इमारतीत हेच पुन्हा करायचे. यात अर्धा तास सहज जातो आणि उशीर झालेला प्रवासी काउंटरवर भाव करण्याच्या स्थितीत राहत नाही.

स्वतःचे साहित्य न्यावे की तेथे भाड्याने घ्यावे?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. वास्तविक तो सर्वांत आधी विचारायला हवा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने काहीही नेऊ नये आणि काहीही विकत घेऊ नये. गुलमर्गची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था यांच्या प्रशिक्षण वर्गांत स्की, बूट आणि काठ्या संस्थेकडून मिळतात. विद्यार्थ्याने तेथे गरम कपडे, हातमोजे आणि चष्मा घेऊन जावे.

दरवर्षी पाच-सहा दिवस जाणाऱ्याचा हिशेब मी असा मांडतो. समजा, गुलमर्गला स्की, काठ्या आणि बूट मिळून दिवसाला १,५०० रुपये भाडे आहे आणि बुटांशिवाय १,००० रुपये आहे. पाच दिवसांचे सर्व साहित्य ७,५०० रुपयांना, किंवा बूट स्वतःचे असतील तर ५,००० रुपयांना मिळते. वरच्या उदाहरणात सर्व साहित्य नेण्याचा खर्च नऊ हजार रुपये होता आणि तोही सर्व काही सुरळीत पार पडले तर. म्हणून मी गेली काही वर्षे बूट हातात नेतो आणि स्की तेथे भाड्याने घेतो.

बूटच का, असेही विचारले जाते. भाड्याची स्की थोडी झिजलेली असली तरी दिवस निभावतो, पण दुसऱ्याच्या पायाने सैल झालेला बूट नडगीला घासू लागला की तासाभरात माणूस बाकावर येऊन बसतो. शिवाय बुटाच्या टाचेवर तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, समजा ३०५ किंवा ३१५. भाड्याच्या दुकानात तो आकडा, आपले वजन, उंची आणि सराव किती आहे ते सांगितले की दुकानदार पेचकस घेऊन दोन मिनिटांत बाइंडिंग जुळवून देतो. आकडा तोंडपाठ असावा, कारण तेथे बोटे गारठलेली असतात आणि कोरलेल्या अक्षरांत बर्फ भरलेला असतो.

मग स्की कोणी न्याव्यात? दहा दिवसांहून अधिक राहणाऱ्यांनी, स्पर्धेत उतरणाऱ्यांनी आणि गुलमर्गच्या गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यावरून, अफरवट शिखराच्या उंचीवरून, मऊ बर्फात उतरणाऱ्यांनी. त्यांना रुंद स्की लागतात आणि त्या भाड्याने चांगल्या मिळतीलच असे नसते. त्यांच्या बाबतीत विमानाचे पैसे हा खेळाचाच खर्च आहे. वर्षातले पाच दिवस वापरण्यासाठी स्वतःच्या स्की सोलापूरच्या उन्हाळ्यात पलंगाखाली ठेवणाऱ्याने मात्र कडांवर गंज चढू न देण्याची मेहनतही हिशेबात धरावी.

रेल्वेने नेल्यास खर्च वाचतो का?

वाचतो, पण वेळ जातो. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने थेट नवी दिल्लीला जाता येते आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत ४० किलो सामान मोफत आहे. नियमपुस्तकात डब्यात नेण्याच्या पेटीच्या आकाराला मर्यादा दिलेली असल्याने लांब पिशवीवर तपासनीस बोट ठेवू शकतो, पण खालच्या बर्थखाली ती आडवी सरकवली तर कोणाच्या वाटेत येत नाही. म्हणून आरक्षण करताना खालचा बर्थ मागावा. दिल्लीहून पुढे फक्त श्रीनगरचे विमान घेतले तर जादा वजनाचे पैसे जाण्या-येण्याचे मिळून दोनदाच लागतात. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाल्याने, वेळ असेल तर विमान पूर्ण टाळूनही काश्मीर गाठता येते. औलीसाठी तर हरिद्वारपर्यंत रेल्वे आणि पुढे जोशीमठापर्यंत रस्ता हाच सरळ मार्ग आहे, कारण डेहराडूनला उतरले तरी डोंगरातला दिवसभराचा रस्ता चुकत नाही.

युरोपातील स्वस्त विमानसेवांचे नियम वेगळे असतात का?

बरेच वेगळे असतात. तेथील स्वस्त कंपन्या स्कीला सामान्य सामानाच्या वजनात धरत नाहीत. तिच्यासाठी वेगळी जागा विकतात. रायनएअर आणि ईझीजेट या दोन्हींकडे स्कीसाठी २० किलोंची मर्यादा आहे आणि शुल्क प्रत्येक उड्डाणासाठी वेगळे असते. एका दृष्टीने ही पद्धत बरी, कारण पैसे दिले की लांबीचा प्रश्न मिटतो. परंतु तेथे मूळ तिकीट कधीकधी इतके स्वस्त असते की स्कीचे भाडे माणसाच्या भाड्यापेक्षा जास्त होते, आणि शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना ते प्रथम पाहून हसू येते.

भारतातून जाताना एमिरेट्ससारख्या मोठ्या कंपन्या क्रीडासाहित्य नेहमीच्या मोफत वजनातच धरतात. त्यामुळे मुंबई किंवा हैदराबादहून अशा कंपनीने एकाच तिकिटावर आल्प्सजवळच्या शहरात उतरणे, हे मधल्या एखाद्या शहरातून स्वस्त विमान पकडण्यापेक्षा एकूणात स्वस्त पडू शकते.

परदेशी जाताना स्वतःच्या महागड्या स्की सोबत असतील तर निघताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. नाहीतर परत येताना त्या तेथेच विकत घेतल्या नाहीत हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. सामान काउंटरवर देण्याआधी हे काम करावे लागते, कारण अधिकाऱ्याला वस्तू पाहायची असते.

पिशवी कशी बांधावी?

येथे सोलापूरकर सर्वांच्या पुढे आहेत, असे मला वाटते. दोन स्की तळव्याला तळवा लावून, मध्ये जुना टॉवेल घालून पट्ट्याने आवळाव्यात. टोके आणि बाइंडिंग ही धक्का खाणारी ठिकाणे आहेत. त्यांवर कपड्यांच्या जाड घड्या घालाव्यात. मग सर्व मिळून एका सोलापुरी चादरीत गुंडाळावे. चादर जाड विणीची असल्याने स्कीच्या धारदार कडा पिशवी कापत नाहीत, आणि गुलमर्गच्या खोलीत रात्री तीच अंगावर घेता येते. दीड किलोची वस्तू दोन कामांना येत असेल तर तिचे पैसे खटकत नाहीत. पिशवीच्या आत आणि बाहेर, दोन्ही ठिकाणी नाव व फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. बंद करण्यापूर्वी एक आणि केल्यानंतर एक असे फोटो काढावेत.

पिशवी हरवली किंवा स्की तुटली तर भरपाई किती मिळते?

देशांतर्गत प्रवासात सामानाबाबत कंपनीची जबाबदारी प्रतिप्रवासी २०,००० रुपयांपर्यंत आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार ती १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे. ही मर्यादा डिसेंबर २०२४ च्या अखेरीस वाढवण्यात आली आणि रुपयांत ती दीड लाखाच्या वर जाते. हे कमाल आकडे आहेत. प्रत्यक्ष भरपाई नुकसानीच्या पुराव्यावर अवलंबून असते, म्हणून खरेदीची पावती जपावी. साहित्याची किंमत २०,००० पेक्षा बरीच जास्त असेल तर सामान देताना विशेष घोषणा करून आणि त्याचे शुल्क भरून जबाबदारीची मर्यादा वाढवण्याची सोय असते; काउंटरवर ती आपणहून कोणी सुचवत नाही, विचारावी लागते.

तुटलेली पिशवी दिसली तर विमानतळ सोडण्यापूर्वीच कंपनीच्या सामान कक्षात नोंद करून तिची प्रत घ्यावी. तेथील कर्मचारी ‘घरी जाऊन मेल करा’ असे म्हणाला तरी प्रत घेतल्याशिवाय हलू नये. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. कंपनीने दाद दिली नाही तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते आणि त्यासाठी बोर्डिंग पास, सामानाचा चिकटपट्टीचा तुकडा, जादा वजनाची पावती व पिशवीचे फोटो लागतात. तो चिकटपट्टीचा तुकडा बहुतेक जण टॅक्सीत बसताच फाडून टाकतात. पिशवी घरी येऊन, उघडून, दोन्ही स्कीच्या कडांवरून बोट फिरवून पाहीपर्यंत तो जपून ठेवावा.